शेळीची लस गाईला चालली, मग उंटाला का नाही? समजून घ्या विषाणूंचे नातेगोते

धाराशिव : ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी त्वचारोगाची जनावरे आढळली आणि काही आठवड्यांतच हा रोग राज्यभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले, बैलगाडा शर्यती थांबल्या, जनावरांची वाहतूक रोखली गेली. बाधित गावापासून ५ किलोमीटर परिघातील गाई-बैलांना लस टोचण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यातील सुमारे १ कोटी ४० लाख गोवंशासाठी राबवली गेली. त्या मोहिमेत गाईला टोचल्या गेलेल्या कुपीवर नाव मात्र होते ‘गोट पॉक्स’ म्हणजे शेळ्यांच्या देवीच्या लसीचे.

उस्मानाबादी शेळीच्या जिल्ह्यात ही बाब अनेकांना कोड्यात टाकणारी होती. शेळीची लस गाईला कशी चालते? आणि चालत असेल तर प्रत्येक जनावरासाठी वेगळी लस शोधण्याचा खटाटोप कशाला? या प्रश्नांचे उत्तर विषाणूंच्या नात्यात दडले आहे. ते कळले की लसीकरणाचे वेळापत्रकही नीट कळते.

गाईच्या रोगाला शेळीची लस कशी?

मेंढ्यांची देवी, शेळ्यांची देवी आणि लम्पी हे तिन्ही रोग ‘कॅप्रिपॉक्स’ या एकाच गटातील विषाणूंमुळे होतात. हे तिघे सख्खे भाऊ म्हणावेत इतके सारखे. त्यांची जनुकीय रचना बरीचशी जुळते. त्यामुळे एकाच्या लसीने शरीरात तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही ओळखते.

लम्पीची पहिली नोंद १९२९ मध्ये आफ्रिकेतील झांबियात झाली. भारतात हा रोग २०१९ मध्ये ओडिशात आढळला, तेव्हा देशात लम्पीची स्वतःची लस नव्हती. शेळ्यांच्या देवीची लस मात्र तयार होती, तिचे उत्पादनही सुरू होते. केंद्र सरकारने ‘उत्तरकाशी’ जातीच्या विषाणूपासून बनवलेली हीच लस गोवंशासाठी वापरण्यास सांगितले. घराला आग लागल्यावर शेजारच्या विहिरीचे पाणी आणावे, तसा हा उपाय होता.

मग वेगळी लस कशासाठी?

भावाच्या लसीने संरक्षण मिळते, पण ते नेमक्या लसीइतके भरवशाचे असेलच असे नाही. २०२२ च्या साथीत देशभरात दीड लाखांहून अधिक जनावरे दगावली. राज्यात दुधाळ जनावर दगावल्यास ३० हजार, ओढकाम करणारे दगावल्यास २५ हजार आणि वासरू दगावल्यास १६ हजार रुपये अर्थसाहाय्य ठरवण्यात आले. मात्र दावणीचा बैल ऐन हंगामात गेला, तर पेरणीचे गणितच कोलमडते. खव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या भूम, वाशी भागात दुभती गाय गेली, तर रोजच्या खर्चाचा पैसा थांबतो.

म्हणून लम्पीच्या विषाणूपासूनच लस बनवण्याचे काम हरियाणातील हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने हाती घेतले. इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था सोबत होती. त्यातून तयार झालेली ‘लम्पी-प्रोव्हॅकइंड’ ही लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली. तिच्या उत्पादनाचे तंत्रज्ञान पुण्यातील औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला देण्याचा करार त्याच वर्षी डिसेंबरअखेर नागपुरात झाला.

विषाणूपासून लस बनते कशी?

या लसीसाठी २०१९ मध्ये रांची येथील आजारी गाईतून विषाणू मिळवण्यात आला. प्रयोगशाळेत तो माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या ‘व्हेरो’ पेशींवर वाढवला गेला. एका पिढीतील विषाणू घ्यायचा, नव्या पेशींवर सोडायचा, तिथून पुन्हा पुढच्या पेशींवर. असे ५० वेळा करण्यात आले.

या प्रवासात विषाणूला पेशींवर जगायची सवय लागते आणि गाईच्या शरीरात रोग निर्माण करण्याची ताकद तो गमावतो. त्याचा चेहरामोहरा मात्र बहुतांशी तसाच राहतो. शरीर तो चेहरा ओळखायला शिकते आणि खरा विषाणू आला की सज्ज असते. पैलवानाचे बळ काढून घ्यायचे, पण त्याची ओळख आखाड्यातील सगळ्यांना पटवून द्यायची, असा हा प्रकार.

यानंतर प्रश्न उरतो तो तपासणीचा. रक्तात प्रतिपिंडे सापडली, तर ती लसीमुळे आली की रोगामुळे, हे सांगायचे कसे? हा फरक ओळखता येईल अशी ‘मार्कर’ लस बंगळुरूच्या बायोव्हेट कंपनीने तयार केली असून तिला २०२५ मध्ये परवाना मिळाला. साथ कुठे खरोखर फिरते आहे, हे शोधण्यासाठी हा फरक फार मोलाचा असतो.

पीपीआरचा जुना धडा

असाच पेच शेळ्यांच्या बाबतीत पूर्वी आला होता. पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा रोग. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण, हगवण आणि न्यूमोनिया ही त्याची लक्षणे. त्याचा विषाणू गोवर आणि गुरांची बुळकांडी यांच्या विषाणूंच्या कुळातला. म्हणून एके काळी शेळ्यांना बुळकांडीचीच लस दिली जात असे आणि तिचा उपयोगही होई.

पण जगातून बुळकांडी हटवण्याची मोहीम अंतिम टप्प्यात आली, तेव्हा अडचण झाली. शेळ्यांच्या रक्तात बुळकांडीची प्रतिपिंडे सापडू लागली, तर रोग संपला हे सिद्ध करायचे कसे? त्यामुळे उसनी लस थांबवावी लागली आणि पीपीआरची स्वतःची लस गरजेची ठरली. भारतात ती हिमाचल प्रदेशातील सुंग्री येथे मिळालेल्या विषाणूपासून बनवण्यात आली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. आता पीपीआर २०३० पर्यंत संपवण्याचे जागतिक उद्दिष्ट आहे. धाराशिवमधील शेळीपालकांच्या दृष्टीने हे उद्दिष्ट घरचे आहे.

उंटाचे गणित वेगळे का?

उंटालाही देवी येते. अंगावर, ओठांवर, नाकपुड्यांवर फोड येतात, पिल्ले दगावतात. मग शेळ्यांच्या देवीची लस त्याला का देत नाहीत?

कारण नाव सारखे असले, तरी कूळ वेगळे आहे. उंटांच्या देवीचा विषाणू ‘कॅप्रिपॉक्स’ गटातला नसून ‘ऑर्थोपॉक्स’ गटातला आहे. त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक आहे माणसांच्या देवीचा विषाणू, जो जगातून १९८० मध्ये संपल्याचे जाहीर झाले. शेळीच्या लसीने तयार होणारी प्रतिकारशक्ती उंटाच्या विषाणूला ओळखणार नाही. म्हणून उंटाची लस उंटाच्या विषाणूपासून किंवा त्याच्या जवळच्या नातेवाईकापासूनच बनवावी लागते. संयुक्त अरब अमिरातीत उंटांच्या विषाणूला कमकुवत करून अशी लस तयार झाली आहे.

या नात्याचा उलट फायदाही मिळाला. अरब देशांत उंटांकडून माणसांना होणाऱ्या ‘मर्स’ या कोरोना रोगाविरुद्ध शास्त्रज्ञांनी उंटांसाठी एक लस आजमावली. मर्सच्या विषाणूचा तुकडा त्यांनी माणसांच्या देवीच्या लसीतील कमकुवत विषाणूवर बसवला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लस दिलेल्या उंटांच्या नाकातून बाहेर पडणारा मर्सचा विषाणू घटला. शिवाय उंटांच्या देवीविरुद्धही प्रतिपिंडे तयार झाली. एका बाणात दोन निशाण साधण्याची ही आशा होती.

भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार उंट केवळ अडीच लाखांच्या आसपास उरले असून २०१२ च्या तुलनेत त्यांत ३७ टक्के घट झाली आहे. संख्या इतकी कमी असताना लसीला बाजार मिळणे कठीण. म्हणूनच बिकानेरचे राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्र आणि हिस्सारचे केंद्र यांसारख्या सरकारी संस्थांच्या कामाला महत्त्व आहे. राजस्थानात २००९ मध्ये उंट हाताळणाऱ्या काही जणांच्या हातांवरही या विषाणूचे फोड आढळले होते. त्यामुळे हा विषय उंटपाळांच्या आरोग्याचाही आहे. कच्छमधून कळप घेऊन विदर्भात येणाऱ्या रबारी कुटुंबांमुळे उंट महाराष्ट्राला अनोळखी नाही.

धाराशिवसाठी याचा अर्थ काय?

जिल्ह्याचे नाव बदलले, पण काळीभोर, बहुतेक वेळा जुळी पिल्ले देणारी शेळी आजही ‘उस्मानाबादी’ म्हणूनच ओळखली जाते. कमी पावसाच्या भागात शेती दगा देते, तेव्हा घर चालवते ती ही ‘गरिबाची गाय’. एका गोठ्यात गाय, बैल आणि शेळ्या एकत्र असणाऱ्या घरांनी ‘एकदा लस झाली’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या रोगाची, कोणत्या जनावराला आणि कधी, हे तिन्ही विचारावे.

पशुपालकांनी लक्षात ठेवावे

• लम्पी, पीपीआर, लाळ्या खुरकूत या वेगवेगळ्या विषाणूंच्या वेगवेगळ्या लसी आहेत. एक दिली म्हणजे दुसरी झाली असे नाही.

• लसीचा परिणाम दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. साथ गावात शिरल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच लस घ्यावी.

• मागील मोहिमेनंतर जन्मलेली वासरे आणि करडे लसीविना राहतात. त्यांचे वय पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून नोंद करावी.

• लस २ ते ८ अंश तापमानात, बर्फात ठेवूनच आणावी. विरघळवलेली लस त्याच दिवशी, सांगितलेल्या वेळेतच संपवावी.

• ताप आलेल्या किंवा आजारी जनावराला लस देण्याआधी पशुवैद्यकांना सांगावे.

• लम्पी डास, माश्या व गोचिडांमार्फत पसरतो. गोठा कोरडा ठेवावा आणि आजारी जनावर वेगळे बांधावे. हा रोग माणसांना होत नाही. दूध मात्र नेहमीप्रमाणे उकळूनच प्यावे.

• बाजारातून आणलेले जनावर लगेच कळपात सोडू नये, काही दिवस वेगळे ठेवावे.

विषाणूंचे नाते ओळखल्यामुळे २०२२ मध्ये गाईला शेळीची लस देता आली आणि हाताशी नसलेली लस तयार होईपर्यंतचा काळ काढता आला. पुढच्या साथीत हाती स्वतःची लस असेल. ती गोठ्यापर्यंत वेळेत पोहोचवण्यासाठी दवाखान्याइतकेच पशुपालकानेही जागे राहायला हवे.