सगळी कामं वेळेवर, तरी हिवाळा तंबूत

मागच्या भागात आपण एका प्रकल्पाचं वेळापत्रक कसं आखायचं ते पाहिलं. त्यावर इंदूरच्या एका तरुण अभियंत्याने विचारलं आहे, "सर, माझ्याकडे सहा प्रकल्प आहेत, सहाही वेळेवर चालू आहेत, तरी वरचे लोक म्हणतात, काम पुढे सरकत नाही. असं कसं होईल?"

होतं. माझ्या बाबतीत झालं आहे. तेव्हा मी लेफ्टनंट कर्नल होतो, वीस वर्षांची नोकरी झाली होती, आणि प्रकल्प कसा चालवायचा हे आपल्याला येतं अशी माझी समजूत होती.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीत ज्याला प्रोग्रॅम म्हणतात त्याला मराठीत कार्यक्रम म्हटलं, की आपल्याला सतरंजी आणि हार्मोनियम आठवतात. म्हणून मी त्याला प्रकल्पांचा गोतावळा म्हणतो. प्रकल्प म्हणजे एक ठरावीक काम: पूल बांधा, विहीर खणा, झालं की हिशेब मिटवा. गोतावळ्यात अशी अनेक कामं एकमेकांच्या नात्यात असतात, आणि ती सगळी मिळून जे साधायचं ते कुठल्याही एका कामात नसतं. लग्नघर आठवा. आचारी, मंडप, भटजी, वऱ्हाडाची बस. प्रत्येकजण आपलं काम चोख करतो. पण बस आणि मुहूर्त यांचा मेळ घालणं हे आचाऱ्याचं काम नाही, भटजींचंही नाही. ते कुणाचं, हे ठरलेलं नसेल तर अंतरपाट धरून सगळे ताटकळतात.

आता माझी गोष्ट. लडाखमधल्या एका उंच जागी आमच्याकडे पाच कामं होती. रस्ता रुंद करणं, हेलिपॅड वाढवणं, जवानांसाठी फायबरच्या पॅनेलची शेल्टरं उभी करणं, पाण्याची व्यवस्था आणि जनरेटरची शेड. ज्यांनी तिकडे नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिथे बांधकामाचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं. साधारण मे महिन्यात खिंडी उघडतात आणि ऑक्टोबर संपता संपता हंगाम आटोपतो. तेवढ्याच दिवसांत हिवाळ्याचं सगळं रेशन, रॉकेल, औषधं, दारूगोळा वर चढवायचा असतो. म्हणजे रस्ता एकच, ट्रक तेच, मजूर तेच आणि मागणारे सगळे.

पाच कामांना पाच अधिकारी दिले होते. दर सोमवारी बैठक व्हायची. भिंतीवर तक्ता, वेळेवर असलेलं काम हिरवं, मागे पडलेलं लाल. ऑगस्टमध्ये तक्ता शेताच्या बांधासारखा हिरवागार होता. हेलिपॅडचा कॅप्टन तर वेळापत्रकाच्याही पुढे होता. हुशार, धडपडा मुलगा. तो बैठकीत म्हणाला, आणखी चार ट्रक मिळाले तर हेलिपॅड सप्टेंबरातच पूर्ण करतो. मी दिले. वर सगळ्यांसमोर त्याची पाठही थोपटली.

ऑक्टोबरात शेल्टरं उभी राहिली. मी पाहणीला गेलो. आमचे सुभेदार साहेब साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे. खोलीत उभे राहून त्यांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, खोली झकास झाली. पण बुखारी कुठाय?"

बुखारी म्हणजे रॉकेलवर पेटणारी लोखंडी शेगडी. तिला छतातून बाहेर काढलेलं धुराडं लागतं, नाहीतर बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि माणूस झोपेतच जातो. छताला भोक ठेवणं हे शेल्टरच्या कामात होतं, ते ठेवलं होतं. बुखाऱ्या आणि धुराड्याचे पाइप मात्र शेल्टरच्या प्रकल्पात नव्हतेच. ते स्टोअरचं सामान. त्यांच्या पेट्या खिंडीच्या अलीकडच्या डेपोत ट्रकची वाट पाहत पडल्या होत्या. त्या आठवड्यांत ते ट्रक हेलिपॅडचं सिमेंट वाहत होते. पाचव्या दिवशी बर्फ पडला आणि खिंड बंद झाली.

तंबूतल्या जुन्या बुखाऱ्या नव्या खोल्यांत लावता येतील का, हेही पाहिलं. पाइपचा व्यास जुळेना. जुगाड करायला मी परवानगी दिली नाही, आणि तेवढा एक निर्णय मात्र बरोबर होता. तो हिवाळा जवानांनी तंबूत काढला, शेजारी नव्याकोऱ्या रिकाम्या खोल्या उभ्या असताना. जानेवारीत दोघांना हिमदंश झाला, त्यातल्या एकाच्या पायाची दोन बोटं गेली. तंबूमुळेच गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही त्यांना विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात तक्ता मी पुन्हा पुन्हा पाहिला. त्यात खोटं काहीच नव्हतं. पाचही कामं खरोखरच वेळेवर झाली होती. तक्त्यावर पाच आडव्या ओळी होत्या, पण एका ओळीतून दुसरीत जाणारी एकही रेघ नव्हती. आणि "जवान उबदार खोलीत झोपला" हे कुठल्याच ओळीच्या शेवटी लिहिलेलं नव्हतं. शेल्टरच्या ओळीचा शेवट होता, "शेल्टर उभं". त्या दोन वाक्यांमधलं अंतर सांभाळायला कोणी नेमलेलंच नव्हतं. म्हणजे ते माझं काम होतं, आणि मी हेलिपॅड मोजत बसलो होतो.

इथे एक कडू गोष्ट सांगतो. एक प्रकल्प चालवणाऱ्याला आपण शिकवतो की स्वतःच्या कामासाठी भांड. गोतावळ्यात सगळ्यात चांगला भांडणारा बाकीच्यांच्या ताटातलं ओढून नेतो, आणि आपण त्याला शाबासकी देतो. त्या कॅप्टनची चूक नव्हती. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. वाटप करणाऱ्याने हात आवरायचा असतो.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर मनाली ते लेह हा रस्ता घ्या. रोहतांगखालचा अटल बोगदा तुम्ही पाहिला असेल, निदान त्याचे व्हिडिओ तरी. लांबी ९.०२ किलोमीटर, उद्घाटन ३ ऑक्टोबर २०२०. नुसता प्रकल्प म्हणून पाहिलं तरी त्यात किती कामं एकमेकांत अडकली होती बघा. दक्षिण तोंडापर्यंत जायचा रस्ता आधी हवा, त्याची कोनशिला २००२ साली बसली; मुख्य बोगद्याची २०१० साली. खोदकाम दोन्ही टोकांकडून करायचं, पण उत्तरेकडच्या टोकाला पोहोचायची वाट रोहतांग खिंडीवरूनच जायची आणि खिंड हिवाळ्यात बंद. म्हणजे ज्या अडचणीवर उपाय म्हणून बोगदा, तीच अडचण बोगद्याच्या आड. त्यातच दक्षिणेकडे सेरी नाल्याखालचा ५८७ मीटरचा ठिसूळ पट्टा लागला. तेवढ्या तुकड्याने कित्येक वर्षं खाल्ली.

बोगदा झाला, अंतर ४६ किलोमीटरने कमी झालं आणि लाहौल खोऱ्याची हिवाळ्यातली कोंडी फुटली. आजारी माणसाला बर्फातून बाहेर काढायला हेलिकॉप्टरची वाट बघत बसलेल्या त्या लोकांना विचारा याची किंमत. पण लेह? हिवाळ्यात लेहला जायची वाट या बोगद्याने उघडली का? नाही. कारण पुढे बारालाचा ला आहे, सुमारे सोळा हजार फुटांवर. त्याच्याही पुढे लाचुंग ला, तांगलांग ला. बोगद्याचा प्रकल्प पूर्ण झाला, पण "लडाखला बारमाही वाट" हा गोतावळा अजून चालूच आहे.

म्हणून निम्मू, पदुम, दारचा हा २९८ किलोमीटरचा दुसरा रस्ता महत्त्वाचा. त्यावर मोठी खिंड एकच, शिंकू ला. तिच्याखाली ४.१ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्याचं काम २६ जुलै २०२४ रोजी पहिला सुरुंग उडवून सुरू झालं. तो रस्ता दारच्याला ज्या वाटेला मिळतो ती वाट अटल बोगद्यातूनच मनालीला उतरते. म्हणजे अटल बोगद्याचा पूर्ण फायदा शिंकू लाच्या हातात आहे, आणि शिंकू लाचा अटल बोगद्याच्या. शिवाय बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता हिमकड्यांपासून राखायचा, बर्फ काढायची यंत्रं योग्य जागी ठेवायची. ही कामं कुणाच्या फोटोत येत नाहीत. एखाद्या सकाळी बोगदा उत्तम आणि त्याच्याकडे जाणारा रस्ता बर्फाखाली, असं झालं की त्यांची आठवण होते.

आता त्या इंदूरच्या मुलासाठी, मी दुसऱ्या वर्षी काय बदललं ते.

सोमवारच्या बैठकीत "किती टक्के झालं?" हा प्रश्न मी बंद केला. प्रत्येक अधिकाऱ्याला दोनच गोष्टी विचारायचो: तू कुणाची वाट पाहतोयस, आणि तुझी वाट कोण पाहतंय? पहिले दोन आठवडे उत्तरंच येईनात. दुसरा प्रश्न तर कुणी आयुष्यात ऐकलेला नव्हता. मग हळूहळू भिंतीवर रेघा यायला लागल्या. पाण्याच्या पाइपचा चर रस्त्याच्या कामाआधी खणायला हवा, नाहीतर नवा रस्ता फोडावा लागेल. जनरेटरची शेड आधी झाली नाही तर पंप फिरणार कशावर? अशा रेघा तीसेक निघाल्या. त्यातल्या निम्म्या रेघांना मालक नव्हता. एकेका रेघेवर एकेक नाव लिहिलं. खात्याचं नाही, माणसाचं.

ट्रक मी माझ्या हातात घेतले. कुणाचं काम किती पुढे आहे यावर नाही, तर कुठल्या सामानावाचून सर्वांत जास्त लोक अडतील यावर फेऱ्या ठरायच्या. हे ऐकायला सोपं आहे. करताना रोज कुणीतरी नाराज होतो.

आणि शेल्टर ताब्यात घेण्याची सही अभियंत्याकडून काढून सुभेदार साहेबांकडे दिली, कारण तिथे झोपणार ते होते. त्यांची अट एकच: आत एक रात्र काढल्याशिवाय सही नाही. त्यांनी पहिल्या शेल्टरची सही दोनदा नाकारली. एकदा दाराच्या फटीसाठी, एकदा धुराडं वाऱ्याच्या दिशेला होतं म्हणून.

जुलैत मी हेलिपॅडचं काम थांबवलं. मजूर आणि ट्रक दुसरीकडे वळवले. नवा कॅप्टन आला होता, तोही धडपडा. तो लाल झाला. "सर, माझं काम मागे नाहीये, मग शिक्षा का?" त्याला भिंतीसमोर नेऊन रेघा दाखवल्या. हेलिपॅडची वाट त्या हिवाळ्यात कुणीच पाहत नव्हतं. जुनं हेलिपॅड चालू होतं. त्याला पटलं की नाही ठाऊक नाही. माणसं मात्र त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सोडली.

ऑक्टोबरच्या मध्यावर संध्याकाळी सुभेदार साहेब आणि मी वरच्या धारेवरून खाली पाहत होतो. त्यांनी धूर येणारी धुराडी बोटाने मोजली. सगळी भरली. पुढच्याच आठवड्यात वरिष्ठ पाहणीला आले, जुन्या हेलिपॅडवर उतरले, शेजारचं अर्धवट काम पाहिलं आणि मला चांगलंच सुनावलं. मी ऐकून घेतलं, आणि चहासाठी त्यांना शेल्टरमध्ये घेऊन गेलो.