बाख ट्रम्पेटची वंशावळ

व्हिन्सेंट बाख (१८९०–१९७६) मूळचे व्हिएन्नाजवळच्या बाडेनचे. शिक्षणाने अभियंता, पेशाने ट्रम्पेटवादक. १९१४मध्ये ते अमेरिकेत आले, १९१८मध्ये न्यूयॉर्कला माउथपीस बनवू लागले आणि १९२४मध्ये त्यांचे पहिले ट्रम्पेट तयार झाले. घडण फ्रेंच बेसाँ ट्रम्पेटच्या परंपरेतली, पण मोजमापांतला काटेकोरपणा अभियंत्याचा. बेलच्या, म्हणजे ट्रम्पेटच्या रुंद तोंडाच्या, साच्यांना त्यांनी क्रमांक दिले. त्यातला ३७ आजही प्रमाण मानला जातो. वाद्याला नाव दिले ते थेट व्हायोलिनच्या दुनियेतले : स्ट्रॅडिव्हेरियस. मोठा दावा, पण वाद्यांनी तो बऱ्याच अंशी खरा केला.

कारखाना पुढे ब्रॉंक्सला आणि १९५३मध्ये माउंट व्हर्ननला गेला. माउंट व्हर्ननच्या काळातली वाद्ये संग्राहक विशेष शोधतात. १९६१मध्ये बाख यांनी कंपनी सेल्मर या वाद्यकंपनीला विकली आणि काही वर्षांत उत्पादन इंडियानातल्या एल्खार्टला हलले. वाद्यनिर्माते चार्ल्स जेरार्ड कॉन यांच्यामुळे हे गाव एकोणिसाव्या शतकापासूनच पितळी वाद्यांचे केंद्र होते. २००३मध्ये कॉन-सेल्मर ही कंपनी आकाराला आली. बाख, कॉन, किंग, होल्टन हे एकेकाळचे प्रतिस्पर्धी तिच्या छत्राखाली आले. म्हणून जुने बाख घेताना त्याचा काळ ओळखण्यासाठी बेलवर कोरलेले गावाचे नाव आणि व्हॉल्व्हवरचा अनुक्रमांक आधी पाहावा.