बालगृह सगळ्यात शेवटी

सकाळी दहा. बाल कल्याण समितीची बैठक बालगृहाच्या आवारातच भरते. अध्यक्ष आणि आम्ही चार सदस्य. २०१५च्या बाल न्याय कायद्याने समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार दिलेत, पण खोली कोर्टासारखी दिसता कामा नये. त्यामुळे उंच मंच नाही, पिंजरा नाही. मूल आमच्यासमोर खुर्चीत बसतं.

साडेदहा. रेल्वे सुरक्षा दलाला रात्री फलाटावर सापडलेला अकराएक वर्षांचा मुलगा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मूल समितीपुढे यावंच लागतं. नाव विचारलं, गाव विचारलं. तोंडातून शब्द नाही. पोह्यांची बशी पुढे केली तर आधी शेंगदाणे वेचून खाल्ले. बाही वर सरकली तेव्हा दंडापर्यंत बारीक कापल्याच्या रेघा दिसल्या. उसाचं पाचट असंच कापतं. "फडावर होतास का रे?" मान हलली. मग हळूहळू सगळं आलं. आईबाप कोल्हापूरकडे तोडीला, घर परभणी जिल्ह्यात, गावी म्हातारी एकटी. "आज्जीकडं निघालो होतो." गाडी चुकली एवढंच.

साडेअकरा. परभणीच्या बाल संरक्षण कक्षाला फोन. घरची पाहणी करून सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यायला हवा. आजीला झेपेल का, शाळा जवळ आहे का, पुढच्या हंगामात पुन्हा फडावर नेणार का, हे कळल्याशिवाय सोडायचं नाही. आणि कळल्यावर एक दिवसही जास्त ठेवायचं नाही.

दुपारी एक. जेवण, सह्या, फायली.

दोन. नवरा गेलेली बाई, दोन मुलींना घेऊन. "मॅडम, यांना इथंच ठेवून घ्या. दोन वेळचं तरी मिळेल." दिवसातलं सगळ्यात अवघड काम हेच. धाकटीने आईचा पदर मुठीत धरलेला. आईजवळ प्रेम आहे, पैसा नाही. आणि निव्वळ गरिबीपायी मूल आईपासून तोडणं मला अन्याय वाटतो. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे कायद्याच्या तिसऱ्या कलमातच लिहिलंय. तिला बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला बसवलं. एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, पण वेळेवर खात्यात पडली तर घर टिकतं. वेळेवर पडण्यासाठी पाठपुरावा आम्हीच करायचा.

चार. जिच्या घरातच तिला धोका आहे अशी एक मुलगी. इथे घरी पाठवायचा प्रश्नच येत नाही. बालगृह असतं ते अशांसाठी. गरिबांच्या मुलांनी खाटा भरून टाकल्या तर हिला जागा कुठली?

साडेपाच. आदेश टाइप झाले. अंतिम आदेशाला किमान तीन सदस्य हजर लागतात. आज पाचही होतो.

फलाटावर, चौकात, बांधकामावर एकटं मूल दिसलं तर "कुणीतरी बघेल" म्हणू नका. १०९८ फिरवा. फोन फुकट आहे, रात्रीही उचलतात, आणि हरवलेल्या मुलाची खबर चोवीस तासांत देणं हे कायद्याने तुमचंही काम आहे.