मालाच्या वाटेवरील कामधंदा

गावोगावी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांस एक प्रश्न हटकून विचारला जातो. थोरल्याने शेती सांभाळली, आता धाकट्याने काय करावे? जमीन तेवढीच आहे, वाटेकरी वाढले आहेत, आणि बारावी होऊन घरी बसलेल्या मुलास भरतीच्या जाहिरातीची वाट पाहण्यापलीकडे काही सुचत नाही. ह्या प्रश्नाचे एक उत्तर शेताच्या बांधापासून फार दूर नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शेतातून निघालेला माल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत त्याची निवड, मोजणी, थंडावणी, साठवण, चढउतार आणि नोंद करणारी माणसे लागतात. त्यांच्या कामास आता पुरवठा साखळीचे काम म्हणतात. ह्या कामात ठरवून शिरणारे थोडे. बहुतेक जण हंगामापुरती मजुरी म्हणून येतात आणि हाताने शिकत शिकत तेथेच स्थिरावतात.

हे काम म्हणजे नेमके काय, हे नाशिक जिल्ह्यातील निर्यातीच्या द्राक्षांवरून चांगले समजते. वेलीवरून काढलेल्या घडाचा श्वासोच्छ्वास थांबत नाही. उन्हात तो झपाट्याने चालतो आणि घडातील पाणी उडू लागते. त्याची खूण प्रथम दिसते ती मण्यावर नव्हे, देठावर. मणी टवटवीत दिसत असतानाच देठ तपकिरी पडतो, आणि परदेशचा खरेदीदार पेटी उघडताच देठच पाहतो. यास्तव काढणी सकाळी लवकर करतात, क्रेट सावलीत ठेवतात, आणि काढणीनंतर ४ ते ६ तासांच्या आत माल थंडावणीच्या खोलीत जाईल अशी व्यवस्था राखतात. तेथे थंड हवा पेट्यांच्या छिद्रांतून जोराने खेचून मण्याच्या गाभ्याचे तापमान ६ ते ८ तासांत २ ते ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवितात. पुढे माल शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत राहतो. पेटीत सल्फर डायऑक्साइड वायू सावकाश सोडणारा कागद घालतात, त्यामुळे करड्या बुरशीस आळा बसतो. हा कागद ओला झाला तर मात्र वायू एकदम सुटतो आणि मण्यांवर पांढरे डाग पडतात. थंड पेटी बाहेरच्या गरम हवेत आणली की तिला घाम फुटतो. तेव्हा शीतगृहाचे दार किती वेळ उघडे राहिले, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी बागायतदाराच्या वर्षभराच्या कष्टांशी त्याचा थेट संबंध आहे.

दिंडोरी तालुक्यातील एका तरुणाची हकीकत येथे देण्याजोगी आहे. पोलीस भरतीसाठी दोन वर्षे घालविल्यावर तो एका पॅकहाऊसमध्ये क्रेट उतरविण्याच्या कामावर लागला. “शिकूनसवरून हमालीच करायची होती का?” असे वडिलांनी ऐकविले. पहिल्या हंगामात थंडावणीच्या खोलीवरील माणूस आजारी पडला आणि चार दिवसांसाठी मण्यात खुपसावयाचा सुईचा थर्मामीटर ह्याच्या हाती आला. एकाच खोलीत एका वेळी ठेवलेल्या पेट्यांपैकी कोपऱ्यातल्या थप्पीतील पेट्या नेहमी मागे राहतात, हे त्याच्या ध्यानात आले. यंत्रात बिघाड नव्हता. थप्पी रचताना काही पेट्या आडव्या फिरविल्या जात, त्यामुळे खालवरच्या पेट्यांची छिद्रे एकमेकांसमोर येत नसत आणि हवेची वाट अडे. त्याने थप्पी उतरवून पुन्हा रचली. दुसऱ्या दिवसापासून रचाईवर देखरेख करण्याचे काम त्याच्याकडे आले. हवेच्या वहनाचा धडा त्याने कोणत्याही पुस्तकात वाचला नव्हता.

दुसऱ्या वर्षी तो आवक नोंदवू लागला. कोणत्या बागेचा माल, काढणी किती वाजता, दारात किती वाजता, मण्याचे तापमान किती, साखर किती, हे सारे तो लिहून घेई. साखर मोजण्याच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ती १८ अंश ब्रिक्सच्या आसपास यावी लागते. एके दिवशी दुपारी त्याच्या चुलत्यांचे क्रेट उन्हात थांबून आले होते. त्याने ते बाजूला काढले. भाऊबंदकीत बोलाचाली झाली, चार दिवस घरी कोणी बोलेना. परंतु पुढच्या काढणीस चुलत्यांनी बागेतच हिरवी जाळी बांधून सावली केली, आणि निघण्यापूर्वी गाडी केव्हा पाठवू, असे पुतण्यास विचारले. आज तो कंटेनर भरण्याच्या कामावर प्रमुख आहे.

कंटेनर भरणे हे पेट्या आत सारण्याइतके सोपे नाही. शीत कंटेनरमध्ये थंड हवा जमिनीतील पन्हळींतून येते आणि मालातून वर चढते. आतील भिंतीवर तांबडी रेघ असते. तिच्या वर माल रचला तर हवा परत फिरण्यास जागा राहत नाही. जमिनीचा काही भाग उघडा राहिला तर हवा तेथूनच निसटते आणि पुढचा माल उबदार राहतो. दुसरे असे की, हे यंत्र थंड माल थंड राखण्यासाठी असते. गरम माल थंड करण्याची त्याची ताकद नाही. पॅकहाऊसमध्ये राहिलेली कसूर जहाजावर भरून निघत नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून युरोपास जाऊ लागली आणि प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. त्या हंगामात थंडावणीतील लहानसहान फरकही पेटी उघडल्यावर दिसून आला असेल, हे जाणकारांस सांगणे नको.

ह्या कामात नोंदीला इतके महत्त्व का आले, हेही सांगितले पाहिजे. १९९१ मध्ये महाग्रेप्स ही सहकारी द्राक्ष संघांची भागीदारी संस्था स्थापन झाली आणि बागायतदारांच्या निर्यातीस संघटित रूप आले. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळले आणि निर्यातीस मोठा हादरा बसला. त्यानंतर बागांची नोंदणी, अंश तपासणी आणि पेटीपासून बागेपर्यंत माग काढण्याची पद्धत बसविण्यात आली. अपेडाची ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था २००६ च्या सुमारास सुरू झाली. तेव्हापासून वही नीट लिहिणारा माणूस हा पॅकहाऊसचा कारकून राहिला नाही, तो त्याचा आधार झाला. एका पेटीवरचा क्रमांक चुकला तर निर्दोष बागायतदाराच्या मालाबद्दलही शंका निर्माण होते.

आणखी एक गोष्ट. घड विंचरण्याचे, म्हणजे कात्रीने खराब व बारीक मणी काढण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. मण्यास बोट न लावता, देठ धरून घड फिरविण्याचे त्यांचे कसब असे की नव्या माणसाने पाहत राहावे. तथापि देखरेखीची जागा रिकामी झाली की पुरुषाचे नाव प्रथम पुढे येते. हे न्याय्य नाही, आणि धंद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही.

द्राक्षाचा निर्यात हंगाम मुख्यतः जानेवारी ते एप्रिल असतो. मग उरलेले आठ महिने काय, असे कोणी विचारील. शिकलेला हात एका पिकाला बांधलेला नसतो. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो. कोणती चाळ आधी फोडावी, कोणत्या कोपऱ्यात सड सुरू झाली, हे वासावरून आणि हातावरून ओळखणारा माणूस लासलगावच्या परिसरात मोलाचा ठरतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पिंपळगाव बसवंतला टोमॅटोची आवक असते. मराठवाड्यात सोयाबीनच्या गोदामात ओलावामापकाचे काम असते. दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांवर गेला तर थप्पी तापते आणि बुरशी धरते. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. त्या कर्जामागील भरवसा गोदामात पोती मोजणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर उभा असतो. २०२० मध्ये केंद्र सरकारने १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना आखली. अशा संस्थांस भागभांडवलाइतकीच गरज ह्या माणसांची आहे. कित्येक ठिकाणी इमारत आहे, वजनकाटा आहे, आणि रात्री अकरा वाजता आलेला ट्रक उतरवून घेऊन बिनचूक पावती फाडणारा मात्र नाही.

कामाच्या अडचणी लपविणे योग्य होणार नाही. हंगामात रात्रपाळी चुकत नाही. शीतगृहात गरम कपडे व हातमोजे नसल्यास सांधे धरतात, आणि गंधकाच्या वायूने डोळे व घसा चुरचुरतो. मालकाने ही साधने दिली नाहीत तर तरुणाने ती मागावी; त्यात भीड बाळगू नये. आरंभीची मिळकत मजुराइतकीच असते, आणि एक-दोन हंगाम हाताखाली काढल्याखेरीज ती फारशी वाढत नाही. काही दिवसांच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे मिळतात, त्यांचा उपयोग आहे. परंतु तळेगाव दाभाडे येथील पणन मंडळाच्या सुगीपश्चात तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी शिकण्यास जाण्यापूर्वी एक हंगाम क्रेट उचललेले असावेत, असे लेखकास वाटते. मग वर्गात विचारण्याजोगे प्रश्न जवळ असतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील पॅकहाऊस, गोदामे आणि उत्पादक संस्थांची यादी करून प्रत्येकास हंगामात किती माणसे लागतात हे विचारून ठेवावे. द्राक्षपट्ट्यात ही चौकशी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाली पाहिजे, कारण जानेवारीत भरती पुरी झालेली असते. कांद्यासाठी मार्च, सोयाबीनसाठी सप्टेंबर हा काळ बरा. मुलास पाठविताना हिशेबाची वही बरोबर द्यावी, आणि पहिल्या आठवड्यात दररोजची आवक, वेळ व तापमान त्यात उतरवून ठेवण्यास सांगावे. कोणी मागो अथवा न मागो.