श्यामा, शामा, सावळी

सिहोऱ्याच्या बाजारात उभे राहून "अगं शामे!" अशी हाक द्या; एखादी तरी मान वळेल. पण त्याच शामेला तिच्या नावाचा अर्थ विचारा, ती जराशी ओशाळेल. कारण 'शामा म्हणजे काळी' एवढेच तिला घरीदारी सांगितलेले असते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे.

संस्कृतात 'श्याम' म्हणजे निव्वळ काळा नव्हे. भरून आलेल्या ढगाचा निळसर काळा आणि दाट पानांचा गर्द हिरवा, दोन्ही त्या शब्दात बसतात. भाद्रपदात तुमसरकडून सिहोऱ्याला येताना धानाच्या बांध्या बघा. रोवणी होऊन महिना उलटला, की पोपटी रंग जाऊन शेत काळपट हिरवे दिसू लागते. शेतकऱ्याला त्या दिवसांत हाच रंग हवा असतो. पिवळे पडलेले रोप पाहून कोण खूष होईल? कवी त्या शेताला श्यामल म्हणतील.

आता थोडे शेजारी, रामटेकला जाऊ. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडले. त्या काव्यातला यक्ष आपल्या दूरच्या पत्नीचे रूप वर्णितो, तेव्हा तिला 'श्यामा' म्हणतो. टीकाकार मल्लिनाथ तिथे रंगाची गोष्टच काढत नाही. श्यामा म्हणजे तरुणी, असा सरळ अर्थ देतो.

मग 'सावळी' कुठली? तीही याच घरची. ग्रामचे गाव झाले, नामचे नाव झाले. तसा श्यामलमधल्या म चा व झाला, श चा स आणि ल चा ळ झाला. तेव्हा आजीने सावळी म्हटले आणि गुरुजींनी दाखल्यावर श्यामला लिहिले, तर कोणी कोणाचे चुकवले नाही.

विठोबाला सावळा म्हणताना आपला ऊर भरून येतो. मुलगी दाखवताना मात्र आपण म्हणतो, "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." हा 'पण' कोणत्या कोशातला, बरे?

जाता जाता एक सांगतो. शामा नावाचा एक पक्षीही आहे. अंगाने काळा, पोटाशी तांबूस, शेपटीच्या बुडाशी पांढरा. दाट रानात, बांबूच्या बेटांत राहतो आणि गातो असा, की जाणकार त्याला गाणाऱ्या पाखरांच्या पहिल्या रांगेत बसवतात.