प्रवाळाचे मुद्दल

पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंगठीतील तांबडा खडा येतो. उथळ, उबदार समुद्रात भित्ती उभारणारे प्रवाळ मात्र त्याहून वेगळ्या जातींचे. वरवर ते खडकासारखे दिसतात. वस्तुतः तो असंख्य चिमुकल्या प्राण्यांचा एकत्र संसार असतो. त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले त्यांना अन्न पुरवतात. पाणी दीर्घकाळ तापले की ही सोबत सुटते, प्रवाळ पांढरे पडतात आणि पुष्कळदा उपासमारीने मरतात. सागरतळाचा १ टक्काही न व्यापणाऱ्या या भित्ती समुद्रातील सुमारे २५ टक्के जीवजातींचा आधार आहेत.

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतची भित्ती रोगराई आणि उष्णता यांमुळे गेल्या काही दशकांत ओसरत गेली. तेथील मोट सागरी प्रयोगशाळेत डेव्हिड वॉन यांच्या हातून एकदा टाकीतील प्रवाळ हलवताना तुटले. तळाला चिकटून राहिलेले कण मरणार, असे त्यांना वाटले. परंतु ते अपेक्षेहून कितीतरी वेगाने वाढले. या चुकीतूनच एक पद्धत जन्मली. प्रवाळाचे सुमारे १ सेंटिमीटरचे तुकडे करून ते मृत प्रवाळाच्या सांगाड्यावर थोड्या थोड्या अंतराने बसवतात. एकाच मूळ प्रवाळाचे तुकडे वाढता वाढता परस्परांना भिडतात आणि पुन्हा एकजीव होतात. एरवी ज्या वाढीला दशके लागतात, ती काही वर्षांत साधते. २०२० मध्ये अशा रीतीने लावलेल्या प्रवाळांनी समुद्रात अंडी व शुक्राणू सोडले. लावलेले रोप फळास आले.

मात्र जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडातील एका उथळ उपसागराच्या पाण्याचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर नोंदले गेले. समुद्रातील रोपवाटिकांमधून हजारो प्रवाळ घाईने काढून किनाऱ्यावरील टाक्यांत हलवावे लागले. भित्तीवर राहिलेल्यांपैकी असंख्य दगावले.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ म्हणायचा का? मंदीच्या काळात जाणता व्यापारी नफ्याची आशा सोडून मुद्दल राखतो. या टाक्यांत राखले जात आहे ते प्रवाळांचे मुद्दल. परंतु तोटा चालूच राहिला, तर कोणतीही ठेव फार काळ पुरत नाही. विज्ञानाने आपल्याला अवधी मिळवून दिला आहे. समुद्राला तापवणारा धूर कमी करण्याचे काम मात्र आपलेच आहे.