विदूषक मासा : आधी नर, मग मादी

पुण्यातील शोभिवंत माशांच्या दुकानात कधी गेलात, तर गप्पी आणि गोल्डफिश यांच्या टाक्या सोडून खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे जरा थांबा. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार आणि पोहणे डुलत डुलत. हाच विदूषक मासा. २००३ सालच्या 'फाइंडिंग नेमो' या चित्रपटाने तो घरोघरी पोचवला.

मोठी मादीसुद्धा जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर लांब असते. सुसाट पळणे या माशाला जमत नाही. मग असा भडक रंगाचा मासा समुद्रात जगतो तरी कसा? अंदमानच्या उथळ, उबदार पाण्यातील प्रवाळखडकांवर समुद्रपुष्प नावाचा प्राणी चिकटलेला असतो. नाव फुलाचे, पण त्याच्या बोटांसारख्या संस्पर्शकांवर विषारी दंशकोशिका असतात. इतर लहान मासे त्यांच्या स्पर्शाने लुळे पडतात. विदूषक माशाला मात्र अंगावरच्या बुळबुळीत श्लेष्माचे संरक्षण असते, त्यामुळे तो तेथेच घर करतो. भाडेही देतो बरे का! समुद्रपुष्प कुरतडायला येणाऱ्या माशांना तो हुसकावतो आणि त्याच्या विष्ठेतून समुद्रपुष्पाला पोषण मिळते. दुकानातील टाकीत समुद्रपुष्प नसले तरी त्याचे भागते, कारण तेथे त्याला खाणारा कोणी नसतो.

खरी गंमत पुढेच आहे. एका समुद्रपुष्पात राहणाऱ्या टोळीत सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल तिचा नर, आणि बाकीचे लहान मासे प्रजननात भाग न घेणारे. अंड्यांना परांनी वारा घालण्याचे काम बहुतेक नरच करतो. मादी मेली, की हा नर काही आठवड्यांत मादी होऊ लागतो आणि लहानांतील सर्वांत मोठा मासा नराची जागा घेतो! १९७७ साली फ्रिके दांपत्याने हे प्रसिद्ध केले. म्हणजे चित्रपटातील नेमोचा बाप खऱ्या समुद्रात बाप राहिलाच नसता!

हे मासे समुद्रातून पकडले, की अशी टोळी विसकटते. म्हणून केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने त्यांची पैदास टाक्यांमध्ये करण्याचे तंत्र बसवले. नुकती जन्मलेली पिल्ले काही मिलिमीटरचीच असल्याने त्यांना रोटिफर हे सूक्ष्म जीव खायला घालावे लागतात. आपल्या राज्यातही ऐरोलीला असे उबवणी केंद्र आहे. तेव्हा मासा समुद्रातला की पैदास केलेला, हे दुकानदाराला अवश्य विचारा. आणि टाकीत जोडी असेल, तर दोघांतला मोठा कोणता ते पाहा. ती मादी.